खापराची ठिकरी

तेरणा नदीकाठच्या तेर गावाचा बराच भाग पांढरीच्या टेकाडांवर वसलेला आहे. पावसाने माती धुपली की अशा जागी खापरे उघडी पडतात. प्राचीन तगर ते हेच गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. या व्यापाराविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच गावातली मुले काय खेळत असतील, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. पाहुण्यांची गर्दी होते ती पॉम्पेईच्या मूर्तीशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. मातीच्या मूर्तीही तितक्याच तोलाच्या आहेत. दोन साच्यांत माती दाबायची, दोन्ही अर्धे जोडायचे आणि आत पोकळ ठेवून भाजायचे, अशी ही सातवाहनकालीन कारागिरी. पण साच्यातली वस्तू विकत घ्यावी लागते. फुटलेल्या मडक्याला पैसे पडत नाहीत.

महाराष्ट्रातील प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात खापराच्या गोल चकत्या नेहमी आढळतात. मडक्याचा तुकडा कडेने ठोकून, घासून गोल केलेला असतो. भारतीय उत्खनन अहवालांत अशा चकत्यांची नोंद बऱ्याचदा ठिकरीच्या खेळातील सोंगटी म्हणून होते. ही ओळख निर्विवाद नाही. मधोमध भोक असले तर ती चाती किंवा खेळगाड्याचे चाक असू शकते, नसले तर भांड्याचे झाकण किंवा वजन. तरीही अहवाल लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा ठिकरीच आठवावी, यात नवल नाही. त्यांच्या लहानपणी ती अंगणात होतीच.

चांगली ठिकरी घडवणे हे कसबच आहे. मडक्याचा काठ जाड आणि वाकडा, म्हणून पोटाकडचा तुकडा निवडायचा. दगडाने कडा हलके हलके टिचवायच्या, मग ओल्या खडकावर घासायच्या. पक्के भाजलेले खापर टिचकी मारल्यावर खणकन वाजते. कच्चे असेल तर बद्द आवाज येतो आणि ते दुसऱ्या फेरीतच फुटते. कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चे मडके ठरवल्याची कथा याच गावची. तिच्यामागे हीच कुंभारी परीक्षा आहे.

ठिकरीचा खेळ असा: जमिनीवर कोळशाने घरे आखायची, ठिकरी पहिल्या घरात टाकायची आणि लंगडी घालत पायाच्या बोटांनी तिला पुढे सरकवायचे. पाय किंवा ठिकरी रेषेवर आली की डाव गेला. सगळी घरे पार करणाऱ्याला एक घर आपले म्हणून मिळते. त्यात तो दोन्ही पाय टेकवू शकतो, इतरांना ते उडी मारून ओलांडावे लागते. घरे विकली जातात तसा खेळ अवघड होत जातो. नंतर खापराऐवजी फरशीचा तुकडा आला, पण तो गुळगुळीत असल्याने हवा त्यापेक्षा पुढे घसरतो.

लगोरी, म्हणजेच लिंगोरचा, हा त्याच खापरांचा सांघिक खेळ. सात चपटे तुकडे एकावर एक रचायचे, चेंडूने पाडायचे आणि विरोधकांचा चेंडू अंगाला लागण्याआधी पुन्हा रचायचे.

हे खेळ मागे पडण्याचे एक कारण नियमावलीत शोधावे लागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. हुतूतूलाही नियम मिळाले, पुढे तोच खेळ कबड्डी म्हणून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला गेला. ठरावीक मैदान, ठरावीक वेळ आणि पंच मिळाल्यावर खेळ शाळेत आणि आखाड्यात शिरतो. लगोरीच्या संघटना निघाल्या त्या अलीकडे. ठिकरी मुख्यतः मुलींची, आणि घरांची संख्या व आकार गल्लीगणिक वेगळा. तिच्यासाठी नियम बांधण्याची तसदी कोण घेणार? बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने देशी खेळांची नोंद मोठ्या कष्टाने केली, पण नोंद झाली म्हणून खेळ खेळला जातोच असे नाही.

बैठ्या खेळांत नवकंकरीला हीच खापरे पुरतात. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेषा, मिळून २४ ठिकाणे. प्रत्येकाला नऊ सोंगट्या. एकाची खापरे, दुसऱ्याचे खडे किंवा चिंचोके. आळीपाळीने मांडत आणि सरकवत तीन सोंगट्या एका रेषेत आणल्या की समोरच्याची एक उचलायची. दोनच उरल्या की तो हरला. हाच पट मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या दगडांवरही कोरलेला आढळतो. आपल्याकडे देवळांच्या ओट्यांवर असे पट दिसतात; झिजलेल्या रेषा वाचायच्या तर सकाळच्या तिरप्या उन्हात जावे लागते.