प्रीमियरवर प्रीमियम: नव्या गाडीचा भाव करण्याचा छोटासा इतिहास

मंडळी, आज थोडा इतिहास, आणि तोही पैशाचा.

आपण मराठी माणसं भाव करण्यात तशी कच्ची नाही. चेंबूर स्टेशनबाहेर भाजीवाल्याने 'साठ' म्हटलं की आपली आई 'चाळीस' म्हणते, तो मान हलवतो, आई दोन पावलं पुढे जाते आणि मागून 'घ्या हो ताई' अशी हाक येते. या सगळ्या व्यवहाराचा जीव त्या दोन पावलांत आहे. नवीन गाडी घेताना मात्र ही दोन पावलं टाकायची सोय आपल्या आजोबांना आणि वडिलांना जवळजवळ नव्हतीच. गाडीचा भाव करणं ही आपल्याकडे जेमतेम तीसेक वर्षांची चैन आहे. त्याआधी किंमत होती, अगदी रुपयापर्यंत ठरलेली. इतकी काटेकोर की एकदा ती ठरवायला प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं. त्या किमतीला गाडी मिळायची नाही, एवढीच काय ती अडचण :-)

चेंबूरकरांना हा इतिहास शोधायला लांब जायला नको. लिंक रोडवरून कुर्ल्याला उतरा, 'प्रीमियर' हे नाव तिथे अजून रस्त्याला चिकटून आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नाशीच्या दशकात 'अकराशे' आली. तिचंच पुढचं रूप साठीच्या दशकातलं, आणि त्याच सांगाड्यावर पुढे नाव बदलून प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी ती हीच.

त्याआधी मुंबईत गाड्या यायच्याच, पण सुट्या भागांच्या पेट्यांतून. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता. १९५३ साली सरकारने ठरवलं की नुसती जुळणी नको. ज्यांच्याकडे इथेच गाडी बनवण्याची योजना आहे त्यांनीच थांबावं. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. राहिल्या मुख्यतः तीन: कलकत्त्याकडची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची फियाट. कोणी किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर लिहिलेलं. सत्तरीच्या दशकात अख्ख्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनायच्या, तेवढ्याच.

आता तुम्ही सिस्टिम डिझाइनवाले असाल तर पुढचं तुम्हीच सांगाल. मागणी जास्त, पुरवठा कमी, किंमत वाढवायला बंदी. मग काय होणार? क्यू लागणार.

आणि क्यू लागला. मोटारींच्या वाटपासाठी आणि विक्रीसाठी १९५९ मध्ये सरकारी नियंत्रण आदेश निघाला, पुढच्या वर्षी स्कूटरसाठी. नाव नोंदवायचं, अनामत रक्कम अडकवून ठेवायची आणि नंबर यायची वाट बघायची. बरं, हा क्यू काही साधा सरळ 'आधी आला त्याला आधी' असा नव्हता. सरकारी कोटा वेगळा. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी, म्हणजे दुबईत मामा असला तर भाच्याला स्कूटर लवकर. आकुर्डीच्या चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. लग्नाच्या बैठकीत स्कूटरच्या नोंदणीचा नंबर हा हुंड्याचा भाग असायचा असंही सांगतात. मला ते अजिबात अशक्य वाटत नाही. दहा वर्षं पिकलेला नंबर म्हणजे जवळजवळ फिक्स्ड डिपॉझिटच की.

या नंबरालाच मुंबईत भाव फुटला. त्याला शब्द होता 'ऑन'. गाडीची किंमत अमुक, वर 'ऑन' तमुक. (कुर्ल्याच्या गाडीच्या बाबतीत तर प्रीमियरवर प्रीमियम!) म्हणजे घासाघीस व्हायचीच. फक्त ती डीलरशी नाही, तर ज्याचा नंबर लागलाय त्याच्याशी आणि मधल्या दलालाशी. गाडी हातात आल्यावर ठराविक काळ विकायला बंदी होती, पण कागदावर मालक एक आणि स्टिअरिंगवर दुसरा, हे काही कोणाला नवीन नव्हतं.

यातली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. गिऱ्हाईक बाजारभाव मोजतच होतं. पण वरचे पैसे ना कुर्ल्याच्या कारखान्यात जात होते, ना तिथल्या कामगाराला मिळत होते, ना सरकारी तिजोरीत पडत होते. ते जात होते रांगेत आधी उभं राहिलेल्याच्या खिशात. आणि ज्या शाळामास्तरांनी नियमाप्रमाणे नंबर लावला होता, ते बसलेत वाट बघत.

आता कोर्टाची गोष्ट. या लेखाचं निमित्तच ती आहे.

सप्टेंबर १९६९ मध्ये केंद्र सरकारने तिन्ही गाड्यांच्या कमाल किमती कायद्याने बांधून दिल्या. आधार होता १९५१ चा उद्योग (विकास व विनियमन) कायदा. त्यात समन्यायी वाटप आणि वाजवी किंमत असे दोन सुंदर शब्द आहेत. गाड्यांच्या किमती तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास. कंपन्या म्हणाल्या, या भावात आमचा खर्चही नीट निघत नाही, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं. 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या नावाने ते आजही वकिलांना माहीत आहे.

वाजवी म्हणजे किती हे शोधायला निवृत्त मुख्य न्यायाधीश सरजू प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने कारखान्यांचे हिशेब उघडले आणि मग तो पुढचा वाद पुन्हा कोर्टासमोर आला. २४ नोव्हेंबर १९७१ चा निकाल आहे. देशातलं सर्वोच्च न्यायालय बसून काय बघतंय, तर कामगारांचा बोनस किमतीत किती धरायचा, यंत्रांचा घसारा कसा मोजायचा, वॉरंटीचा खर्च कोणाच्या डोक्यावर, आणि गुंतवलेल्या भांडवलावर किती टक्के परतावा योग्य. उत्तर आलं सोळा टक्के. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की वाजवी किंमत म्हणजे नुसती गिऱ्हाइकाला स्वस्त किंमत नव्हे. बनवणाऱ्याला रास्त नफा सुटला नाही तर बनवेल कोण?

मला हा निकाल वाचताना खरंच आदर वाटतो. इतक्या काळजीने कोणी कोटेशन तपासलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण एक्सेल शीटमधला प्रत्येक सेल बरोबर असून उत्तर निरुपयोगी असू शकतं, हे आपल्या धंद्यात रोज दिसतं ना? तसंच झालं. सगळी आकडेमोड उत्पादन खर्चावर. दुकानाबाहेर किती माणसं उभी आहेत, हा चलच त्या समीकरणात नव्हता. किंमत वाजवी ठरली, 'ऑन' तसाच राहिला.

बरं, कंपन्या बिचाऱ्या आणि सरकार दुष्ट, अशी गोष्ट सांगायचा मोह होतो आणि नव्वदीनंतर वाढलेल्या आपल्या पिढीला ती आवडतेही. मला ती अर्धीच पटते. परवाना हा कंपनीच्या पायातली बेडी होता तसाच तो तिचा तटही होता. बाहेरचा कोणी आत येऊ शकत नव्हता. साठीच्या दशकातला सांगाडा थोड्याफार डागडुजीवर २००० सालाच्या आसपासपर्यंत विकता आला, तो काही नुसत्या किंमत नियंत्रणामुळे नाही. पर्याय नसलेलं गिऱ्हाईक समोर असताना दार नीट बंद होतं की नाही याची काळजी कोण करतो? (पद्मिनीच्या टॅक्सीत बसून दार तीनदा आपटलेल्यांनी हात वर करा.)

मोटारींवरचं कायदेशीर किंमत नियंत्रण १९७५ मध्ये उठलं. त्याचं श्रेय कोणा शहाण्या माणसाला द्यावंसं वाटतं, पण खरं काम केलं ते १९७३ च्या तेलसंकटाने. पेट्रोल इतकं महागलं की गाड्यांची मागणीच घसरली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर. १९८३ मध्ये मारुती ८०० ची नोंदणी सुरू झाली, दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखावर लोकांनी नावं नोंदवली. किंमत साधारण साडेसत्तेचाळीस हजार. पुन्हा रांग, पुन्हा 'ऑन'. म्हणजे किंमत नियंत्रण गेलं तरी रांग होतीच, कारण दुसऱ्या दुकानात जायची सोय नव्हती. ती सोय आली १९९३ मध्ये मोटार उद्योगाचा परवाना रद्द झाल्यावर. १९९८ मध्ये सँट्रो आली, त्याच वर्षाच्या शेवटी पुण्याहून इंडिका आली, आणि एक दिवस शोरूममधला माणूस गिऱ्हाइकाला चहा विचारू लागला. मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात या चहाची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

अमेरिकेत हा खेळ खूप जुना. तिथे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, घ्यायचं तरी डीलरशी दिवसेंदिवस घासाघीस चालते. छापील किंमत ही तिथे बोलणी सुरू करायची जागा असते. मोटारींच्या बाबतीत डीलर लोक मनाला येईल तो आकडा सांगतात म्हणून १९५८ मध्ये सिनेटर माँरोनी यांनी कायदाच करून घेतला. प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत चिकटवलीच पाहिजे. त्या चिठ्ठीला आजही त्यांचंच नाव आहे. भाव बांधून दिला नाही, नुसता उघडा केला. आपल्याकडे बरोबर उलटं: भाव बांधला, पण माल दिसेना.

आणि आता गंमत बघा. सरकार किंमत वर जाऊ देत नव्हतं तो काळ संपला, तर कंपनी ती खाली येऊ देईना. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली, आणि त्यातली तक्रार आपल्याच महाराष्ट्रातली, मुंबई सोडून उरलेल्या भागातल्या विक्री धोरणाबद्दलची होती. आयोगाच्या निष्कर्षानुसार कंपनीने डीलरनी द्यायच्या सवलतीवर मर्यादा घातली होती, आणि ती पाळली जाते का हे बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात. हा माणूस शोरूममध्ये यायचा, तुमच्या-माझ्यासारखं 'अजून काही कमी करा ना' म्हणायचा, आणि सेल्समन विरघळला की अहवाल जायचा. मग दंड, डीलरला आणि त्या सेल्समनलासुद्धा. कंपनीने या निकालाविरुद्ध अपील केलं. पण तेव्हाच्या त्या सेल्समनचा विचार करा. समोरचे काका खरेच बायकोशी बोलून परत येणार आहेत, की ते हेर आहेत?

सध्याच्या कोटेशनमध्ये घासाघीस गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या शेपटावर जास्त होते. एक्स-शोरूम, रस्ता कर, नोंदणी, विमा, मग 'हँडलिंग', 'एसेन्शियल किट', वाढीव वॉरंटी, कोटिंग. यातला रस्ता कर हलत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला लागणारा एक टक्का टीसीएस इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, त्यावर वाद घालू नका. विमा मात्र डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही, आणि बाहेरचं कोटेशन हातात ठेवून बोललात तर खरी सवलत बहुतेक वेळा तिथेच निघते. किट नावाच्या वस्तूत पायपुसणी असतात. मी एवढंच सांगतो.

राहता राहिला मुहूर्त. दसऱ्याला आणि पाडव्याला हार घालून गाडी घरी आणायची हौस आपल्याला भारी, आणि त्या दिवशी कोण कशाला कमी करेल? जाणकार माणूस बोलणी पितृपक्षात करतो, शोरूममध्ये माशा मारत बसलेले असताना, आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घेतो. २०२५ मध्ये मात्र हा जुना हिशेब पार उलटापालटा झाला. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उपकर धरून एकोणतीस ते एकतीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आणायचं ठरलं, आणि तो लागू कधीपासून, तर २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून! त्या पितृपक्षात ज्यांना अशुभाची मुळीच पर्वा नव्हती, तेसुद्धा सर्वपित्री अमावस्या उलटायची वाट बघत बसले होते. आणि डीलर जुन्या कराच्या गाड्यांनी भरलेल्या आवाराकडे बघत होते.