घर-तपासणी अहवाल, खरेदीपूर्व (अहिल्यानगर जिल्हा)

घर-तपासणी अहवाल, खरेदीपूर्व : विकत घ्यायच्या घराचा पाया, भिंती, छत, ओल, वाळवी, सळयांचा गंज यांची पाहणी करून स्थापत्य अभियंत्याने दिलेले लेखी मत. बोलण्यात त्याला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ किंवा नुसताच ‘इंजिनिअरचा रिपोर्ट’ म्हणतात. वकिलाचा सर्च रिपोर्ट मालकी हक्क पाहतो, बँकेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट तारणाची किंमत पाहतो, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा हद्द पाहतो. घर उभे राहील का, हा प्रश्न या तिघांपैकी कोणीच विचारत नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांचा मोठा गैरसमज इथेच असतो. ‘बँकेने पास केलंय, म्हणजे घर चांगलंच असणार’ हे वाक्य व्यवहाराच्या बैठकीत हमखास ऐकू येते. बँकेचा मूल्यांकक बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढेच बघून जातो.

ब्रिटनमध्ये घर घेण्यापूर्वी सर्व्हेयर नेमण्याची रीत जुनी आहे. तेथील रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेच्या अहवालात घराच्या प्रत्येक भागाला 1, 2 किंवा 3 असा दर्जा मिळतो आणि 3 म्हणजे लाल. महाराष्ट्रात जुने घर घेताना असा अहवाल करून घ्यावा, असे कोणताही कायदा खरेदीदाराला सांगत नाही. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) तो मागवणारे थोडे, आणि मागवल्यावर त्याचे काय करायचे हे माहीत असलेले त्याहून थोडे. वास्तुतज्ज्ञ मात्र आधीच येऊन गेलेला असतो. ईशान्य कोपरा जड आहे की हलका याची चौकशी झालेली असते, तो खचतो आहे का याची राहिलेली असते.

काळी, पांढरी आणि मुरूम : या जिल्ह्यातल्या अहवालांमधील भीतीदायक वाक्यांचे मूळ बहुतेक वेळा जमिनीत सापडते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाच्या खनिजांचा हा गुण आहे. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर उथळ पायाचे घर बांधले तर घरही तिच्याबरोबर हलते. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर्षाचा पाऊस 550 ते 600 मिलिमीटरच्या आसपास, तोही खंड पाडून येणारा. भिजणे-सुकणे असे टोकाचे होत असल्याने मातीची ही हालचाल येथे ठळक जाणवते.

जुन्या गावांनी यावर आपला मार्ग काढलेला होता. वस्ती पांढरीवर, शेती काळीत. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने साठत गेलेली गावठाणाची माती, जी काळीइतकी फुगत नाही. गेल्या काही दशकांत श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, नेवासे या भागांत आणि नगर शहराभोवती शेतांचे प्लॉट पडले, आणि बंगले थेट काळीवर उभे राहिले. खबरदार बांधकाम करणारा काळी पूर्ण उपसून मुरमापर्यंत जातो, पाया मुरमावर टेकवतो आणि जोत्यात मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करतो. काळी फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. घाईचे काम असेल तर खड्डा चार फुटांवर थांबतो. खरेदीदाराला वरून यातले काहीच दिसत नाही. म्हणून अहवालात ‘असमान खचाव संभवतो’ असे आले, तर पहिला प्रश्न ‘पाया किती खोल गेला आणि कशावर टेकला’ हा असावा. तो घरमालकापेक्षा त्या वेळच्या गवंड्याला किंवा शेजारी बोअर घेतलेल्याला विचारलेला बरा. शंका उरलीच, तर घराच्या कोपऱ्याशी खड्डा घेऊन पाया उघडा करून पाहता येतो. त्याला विकणारा तयार नसेल, तर तेही एक उत्तर समजावे.

पांढरीलाही मर्यादा आहे. तिच्यात राख, विटांचे तुकडे, जुन्या भिंतींचा राडा असतो. एकमजली धाब्याचे घर तिने पेलले म्हणून तीन मजली आरसीसी पेलेलच असे नाही.

भेगा वाचणे : अहवालातले फोटो भेगांचेच असतात, आणि सगळ्या भेगा फोटोत सारख्याच भयानक दिसतात. प्लास्टरवरचे केसासारखे जाळे बहुधा निरुपद्रवी असते. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यातली सरळ उभी रेघ दोन वेगळ्या पदार्थांच्या आकुंचनाने येते, ती दिसायला वाईट आणि दुरुस्तीला सोपी. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरकी चढणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी आणि वर जास्त रुंद होणारी भेग काळ्या मातीच्या घरांत वारंवार दिसते. बाहेरच्या कडेची माती आधी सुकते, कोपरे खाली बसतात आणि भिंत वरच्या बाजूला उलते. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने रुंदीनुसार केलेली प्रतवारी अभियंते जगभर वापरतात. 5 मिलिमीटरपर्यंतचे नुकसान किरकोळ, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर आणि त्यापुढचे अतिगंभीर. रुंदीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व भेग अजून हलते आहे का याला असते. यासाठी भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतात. भिंत हलली तर काच तडकते. याहून साधी रीत म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा, त्यांतले अंतर आणि शेजारी तारीख. एका ऋतूत केलेली पाहणी याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि प्रामाणिक अभियंता तसे लिहितो. अहवालाच्या शेवटी येणारे ‘अधिक तपासणी आवश्यक’ हे वाक्य पुष्कळदा एवढेच सांगत असते. खरेदीदार ते ‘घर पडणार’ असे वाचतो.

घरखरेदीचे मुहूर्त येथे आडवे येतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया ऐन उन्हाळ्यात. भेगा तेव्हा सर्वांत उघड्या, ओल मात्र पूर्ण सुकलेली, गळक्या स्लॅबवर नवा रंग. दसऱ्याला उलटे. भिंतींवर ओलीचे नकाशे स्पष्ट दिसतात, पण माती फुगल्यामुळे भेगा मिटलेल्या असतात आणि त्यांवर पुट्टी मारलेली असते. प्रत्येक मुहूर्त निम्मे दोष झाकतो. पाडव्याच्या अहवालात ओलीबद्दल काही नसेल तर त्याचा अर्थ ओल नाही असा घेऊ नये.

ओल, लोणा, गंज : ओलीचा अर्थही तालुक्याप्रमाणे बदलतो. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाचा मारा एवढा असतो की भिंतीची बाहेरची बाजू ओली होणे नवलाचे नाही. जामखेड किंवा पाथर्डीत तीच ओल दिसली तर पाइप, टाकी किंवा संडासाची गळती शोधावी. प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यात तिसरेच कारण असते. 1926 मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले आणि कालव्यांवर बागाईत वाढली, तशी काही भागांत जमीन पाणथळ आणि चोपण झाली. खारे पाणी जोत्यातून भिंतीत चढते, सुकते आणि मागे मीठ ठेवते. गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोपडे, त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड. यालाच लोणा लागणे म्हणतात. यावर वरून रंग किंवा रसायन मारणे वाया जाते. जोत्याच्या पातळीला ओल रोखणारा थर नसेल, तर लोणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो. दुरुस्ती शक्य असते, पण तिचा खर्च व्यवहार ठरण्यापूर्वीच धरायला हवा.

आरसीसी घरात खरा शत्रू गंज. स्लॅबच्या खालून काँक्रीटचे पापुद्रे सुटून तांबूस सळई दिसू लागली, की अहवालाची भाषा गंभीर होते आणि ती व्हायलाच हवी. अशा वेळी पाहणीवर न थांबता चाचण्या मागाव्यात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडले, तर निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेला) भाग रंगहीन राहतो. हा रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचे संरक्षण गेले. अल्ट्रासॉनिक चाचणीत लहरींचा वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, 3 च्या खाली असेल तर शंकास्पद. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर ‘टक’ आवाज करणारी ती नळीसारखी हातोडी, बहुतेक अहवालांत असते. तिच्या अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो असे भारतीय मानकच सांगते. केवळ हातोडीच्या आकड्यांवर घर नाकारू नये आणि घेऊही नये. जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगरजवळ विळद घाट येथे स्थापत्य विभाग असलेली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, दुसऱ्या मतासाठी तेथे विचारणा करता येते.

इमारत नवी आहे, हा दिलासा पुरेसा नाही. महाड येथे 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळलेली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. उलट नगरच्या पेठांमध्ये आणि संगमनेरात चुन्यातल्या घडीव दगडाचे वाडे कित्येक पिढ्या उभे आहेत. त्यांचा धोका वेगळा : तुळयांच्या भिंतीत घुसलेल्या टोकांना लागलेली वाळवी, माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर, आणि काही वाड्यांत चुन्याऐवजी मातीच्या सांध्यांतल्या जाड दगडी भिंती. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात नेमक्या अशा भिंतींनी आणि जड छपरांनी माणसे गाडली. वाडा घ्यायचा असेल, तर तुळयांची टोके उघडी करून पाहिल्याशिवाय दिलेला अहवाल अर्धाच समजावा.

अहवाल कोणी मागवला : हा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणून तो विसरला जातो. महाराष्ट्रात धोकादायक इमारतींसाठी सी-1, सी-2ए, सी-2बी, सी-3 असे वर्ग वापरतात. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी न रिकामी करता दुरुस्त करायची, सी-3 किरकोळ दुरुस्तीची. नगर शहरात 2003 पासून महानगरपालिका आहे आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली ती धोकादायक बांधकामाबाबत नोटीस काढू शकते. भाडेकरूंनी भरलेल्या वाड्यात मालकाला जागा मोकळी हवी असेल, तर सी-1 चा अहवाल त्याच्या सोयीचा असतो. भाडेकरूंनी मागवलेला अहवाल त्याच भिंतींना दुरुस्तीयोग्य ठरवतो. मुंबईत असे परस्परविरोधी अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. विक्रेत्याच्या फाइलमधला गुळगुळीत अहवाल याच नजरेने वाचावा. ज्याची फी आपण दिली नाही तो अहवाल आपल्यासाठी लिहिलेला नसतो. पालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात मिळकतीवर नोटीस निघाली आहे का, हे स्वतः जाऊन विचारावे.

व्यवहारावरील परिणाम : अहवाल बहुधा उशिरा येतो, बयाणा देऊन झाल्यावर. इसार पावतीत ‘तपासणीत गंभीर दोष आढळल्यास रक्कम परत’ अशी अट असेल तर खरेदीदाराच्या हातात काही राहते. नसेल तर बयाणा बुडण्याच्या भीतीने माणूस वाईट घरातही पुढे जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही कळू शकला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगितला पाहिजे. समोर दिसणारी भेग यात बसत नाही. पुट्टीखाली मुद्दाम झाकलेली बसू शकते, पण ते सिद्ध करणे खरेदीखतानंतर फार कष्टाचे. म्हणून जे काही मिळवायचे ते साठेखताआधी : किंमत कमी करणे, दुरुस्ती विक्रेत्याने करून देणे, किंवा ठरावीक रक्कम दुरुस्तीपर्यंत रोखून ठेवणे. ‘होऊन जाईल’ हे तोंडी आश्वासन साठेखतात लिहून घेतले नाही, तर ते दिलेच नाही असे धरावे.

बँकेच्या बाजूने दुसरा फटका बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांहून अधिक आणि 75 लाखांपर्यंतचे गृहकर्ज मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंत मिळू शकते. सौदा 50 लाखांना ठरला तर कमाल कर्ज 40 लाख. मूल्यांककाने घराची अवस्था पाहून 44 लाख लावले तर ते 35 लाख 20 हजारांवर येते, आणि मधले 4 लाख 80 हजार घरातूनच काढावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि दुरुस्ती वेगळी. विक्रेत्याशी घासाघीस करताना या कमी मूल्यांकनाचा उपयोग होतो, कारण पुढचा खरेदीदारही बहुधा बँकेकडेच जाणार असतो.

नव्या फ्लॅटच्या बाबतीत स्थिती बरी आहे. स्थावर संपदा (रेरा) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे सावेडी किंवा केडगावातल्या नव्या इमारतीत पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर केलेली तपासणी ताब्याआधीच्या तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते. तक्रार लेखी द्यावी, फोटोंवर तारीख असावी. दुसऱ्या मालकाकडून असा फ्लॅट घेताना मूळ ताबापत्राची तारीख पाहावी, म्हणजे पाच वर्षांतले किती उरले ते कळते.