औंढ्याच्या यात्रेतील घडीचा चाकू

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी समाजाच्या प्राचीनतेविषयी एखादा लेख असतोच. विश्वकर्म्याचे पाच पुत्र, त्यांचे पाच व्यवसाय, राजेरजवाड्यांना पुरविलेल्या तलवारी यांविषयी पूर्वीच्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि आपण सर्वांनी ते अभिमानाने वाचले आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय त्या मानाने फारच क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. तो आहे यात्रेत एकेकाळी चार आण्यांना मिळत असलेल्या घडीच्या चाकूचा. गेली तीस-बत्तीस वर्षे मी असे चाकू जमवीत आलो. आज त्यांची संख्या दीडशेच्या घरात गेली आहे. घरातील मंडळी त्या पेटीस 'भंगाराची पेटी' म्हणतात, आणि भंगारवाल्याकडूनच त्यांतील निम्मे चाकू आल्यामुळे मला त्यावर फारसे बोलता येत नाही.

औंढा नागनाथाच्या देवळापासून आरंभ करणे योग्य होईल. यादवकालीन म्हणून ओळखले जाणारे हे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांस खालच्या काळ्या पाषाणातील हेमाडपंती कोरीव काम आणि त्यावरील नंतरच्या काळातील शिखर यांतील फरक सहज जाणवतो. नामदेव महाराज व विसोबा खेचर यांच्या कथेमुळे ते साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. ते खालचे काम पाहून आपण पाथरवटास धन्य म्हणतो; परंतु काळ्या पाषाणावर छिन्नी किती वेळ टिकते, हे आपल्यापैकी ज्यांनी भात्यापुढे बसून दिवस काढले आहेत त्यांना सांगावयास नको. बोथटलेल्या छिन्न्या तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन परत करणारा लोहार त्या कामाजवळ भाता फुंकीत बसला असलाच पाहिजे. त्याचे काम छिन्नीबरोबर झिजून गेले. आपल्या इतिहासातील अडचण नेमकी हीच आहे. सोनाराचा दागिना राहतो, पाथरवटाचे देऊळ राहते. लोहाराची वस्तू वापरात झिजते, आणि उरते ती पुन्हा भट्टीत जाते.

घडीचा चाकू या नियमास थोडासा अपवाद आहे. तो खिशात राहतो, देव्हाऱ्याखालच्या खणात राहतो, आजोबांच्या पानाच्या चंचीत राहतो. आणि लहान असल्यामुळे त्यास मोडीत घालण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

'चाकू' हा शब्द आपणांकडे फारसीतून आला. त्या भाषेत तो मुख्यतः मिटणाऱ्या पात्यासाठी आहे. न मिटणाऱ्या सुरीस तेथे 'कार्द' म्हणतात. निजामी अमलात दप्तरी भाषा प्रथम फारसी व नंतर उर्दू असल्यामुळे लेखणी तासण्याच्या लहान चाकूस 'कलमतराश' हा शब्दही चालत असे. बोरू तासणे हे त्या काळी नित्याचे काम होते. मोडी लिहिणाऱ्या कुलकर्ण्यास बोरूचे टोक तिरपे आणि अचूक कापलेले लागे. त्यासाठी पाते बारीक व धार फार तेज हवी. गुराख्यास तोच चाकू जाड व बुटका हवा, कारण तो त्याने नुसती काठीच तासावयाची नसून चाबकाची वादीही कापावयाची असे. एकाच गावच्या एकाच लोहाराने दोघांस दोन प्रकारचे चाकू करून दिलेले माझ्या संग्रहात आहेत. यावरून तो गिऱ्हाइकाचा हात ओळखून काम करी, हे दिसून येते.

मिटणारे पाते ही कल्पना जगात फार जुनी आहे. युरोपात हाडाच्या मुठीचे असे चाकू इसवी सनापूर्वीच्या लोहयुगातील सापडले आहेत. त्यांत कमान नाही. एका खिळ्याच्या आवळणीवर पाते उघडे राहते. पाठीमागे पोलादी कमान बसविण्याची रीत सतराव्या शतकापासून इंग्लंडातील शेफील्ड येथे रुजली, आणि तेथील रॉजर्सचे चाकू पुढे हिंदुस्थानात इतके नावाजले की चांगल्या चाकूस त्या नावाचीच उपमा दिली जाऊ लागली. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर ही कमानीची रचना आपल्या भागात शिरली असावी, असे मानण्यास जागा आहे. आपल्याकडील लोखंडकामास परकीय मालाने कसे मागे सारले, याचे उदाहरणही फार दूरचे नाही. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम् येथे मुशीत तयार होणारे पोलाद घेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉयझी नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने ते काम पाहून त्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. पुढे त्या भट्ट्या विझल्या. मग आमच्या गावच्या लोहारांनी पोलाद कोठून आणिले? झिजलेल्या कानशी आणि पुढे मोटारीच्या कमानीचे मोडके पाटे, हेच त्यांचे पोलाद. माझ्या एका चाकूच्या पात्यावर कानशीचे दाते अजून पुसट दिसतात.

आता रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कारण आपल्या तरुणांपैकी काहींनी अलीकडे स्वस्त चाकू विकत घेऊन त्यांस नव्या मुठी बसविण्याचा छंद धरला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. कमानीच्या चाकूत पाते व कमान ही दोन्ही पोलादाचीच असली, तरी त्यांस पाणी सारखे देऊन चालत नाही. कडक केलेले पाते घासून उजळ करावे व मंद आचेवर धरावे. प्रथम वाळल्या गवतासारखा फिका पिवळा रंग चढतो. तेथेच पाते थंड करावे, म्हणजे धार टिकते. कमान मात्र तांबूस व जांभळा हे रंग ओलांडून निळ्या रंगापर्यंत जाऊ द्यावी. नाहीतर ती दहाव्या वेळी उघडताना काचेसारखी तुटते. हे रंग वडिलांनी मला शाळेत जाण्यापूर्वी शिकविले. पुस्तकांतील उष्णतामानाचे आकडे, पिवळ्यास सुमारे २२० अंश व निळ्यास सुमारे ३०० अंश सेल्सियस, मी पुष्कळ वर्षांनी वाचले, आणि ते वडिलांच्या डोळ्यांशी जुळले.

मुठीस पूर्वी बाभूळ, शिसव, खैर किंवा म्हशीचे शिंग लावीत. सांबरशिंगाच्या मुठी जुन्या चाकूंवर आढळतात; परंतु वन्य प्राण्यांच्या शिंगांचा व्यापार आज कायद्याने बंद आहे, तेव्हा नव्या कामात त्यांचा विचारही करू नये. लाकूड बसविताना ते पुरते वाळलेले हवे, आणि खिळा ठोकताना पाते व मूठ यांमध्ये कागदाची एक घडी ठेवावी. नंतर ती ओढून काढली की पाते मोकळे फिरते. मुठीच्या टोकास पितळेची पट्टी असेल तर लोहार, सुतार व कासार या तिघांचे काम एका बोटभर वस्तूत एकत्र आले. आपल्या पाच शाखांनी एकत्र यावे असे ठराव आपण अधिवेशनांत करीत असतो. यात्रेतला चाकू ते काम गाजावाजा न करता पूर्वीपासून करीत आहे.

इतर देशांत अशा स्वस्त चाकूंचे भाग्य निराळे ठरले. फ्रान्समध्ये सॅव्हॉय या डोंगरी प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. तो आजही त्याच नावाने जगभर विकला जातो. जपानात १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाली. तेथील मिकी गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झालेला 'हिगोनोकामी' हा पितळी मुठीचा चाकू पेन्सिली तासणाऱ्या शाळकरी मुलांच्या हाती पोहोचला. आपल्याकडे रामपूरच्या खटक्याच्या चाकूस सर्वांत अधिक प्रसिद्धी मिळाली, पण ती हिंदी चित्रपटातील गुंडांच्या हातून. त्यामुळे घडीचा चाकू म्हटला की सभ्य माणूस दचकू लागला. बोरू तासणाऱ्या आणि कणीस खुडणाऱ्या चाकूवर हा अन्यायच झाला. तथापि सावधगिरी हवी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे येतात. घरगुती व शेतीकामाची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. आपले चाकू त्या मापाच्या पुष्कळच आत असले, तरी देवळात, गर्दीत वा प्रवासात ते खिशात ठेवण्याचे कारण नाही.

संग्रह म्हणजे काय, हे मला पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात कळले. कै. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी तेथे अडकित्ते, दिवे, कुलुपे अशा रोजच्या वापरातील वस्तू मांडल्या आहेत. अडकित्त्यांपुढे मी पाऊण तास उभा होतो, आणि घरी परतल्यावर माझ्या चाकूंची चांगली स्वच्छता करावी असे मनात आले. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. गावच्या लोहारास नाव कोरण्याची रीत नव्हती. तो छिन्नीच्या टोकाने पात्याच्या बुडाशी दोन ठिपके, एक रेघ, अशी खूण करी. उत्साहाच्या भरात मी पहिल्याच वर्षी सात-आठ चाकू यंत्रावर घासून लखलखीत केले. त्यांपैकी एक माझ्या आजोबांच्या हातचा होता असे चुलत्यांनी नंतर सांगितले. कोणता, ते आता ओळखता येत नाही. खुणा मीच पुसून टाकल्या होत्या. म्हणून नव्या मंडळींस विनंती अशी, की हौसेचे सारे प्रयोग बाजारातील नव्या चाकवावर करावेत. जुन्यास तेलाचा बोळा पुरे. मूठ फुटली असेल तर नवी बसवावी, पण जुनी कागदात बांधून जपावी. आणि पात्याच्या बुडास कानस लावू नये.

आजवर माझ्याकडील अकरा प्रकारच्या खुणा निरनिराळ्या आहेत असे दिसते. त्यांपैकी चारच कोणाच्या ते कळले आहे. ज्यांना त्या वाचता येत होत्या ती माणसे आता थोडी उरली.

मागील महाशिवरात्रीस औंढ्याच्या यात्रेत आपल्याच समाजातील एक वृद्ध भगिनी भेटल्या. माझ्या छंदाविषयी त्यांच्या कानी आले होते. त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडून खैराच्या मुठीचा एक चाकू माझ्या हाती ठेविला. पाते अर्ध्याहून अधिक झिजलेले. मी भिंग काढले. त्यांना मोतीबिंदूमुळे काहीच दिसत नव्हते. त्यांनी चाकू परत घेतला, अंगठा पात्याच्या बुडाशी फिरविला आणि म्हणाल्या, "तीन टिंबं हाईत बघा. आमच्या आबाचा हाय." मी मोल विचारले, तेव्हा त्या हसल्या. कागद ठेवून, वरून पेन्सिल फिरवून त्या खुणेचा ठसा मी तेवढा घेतला. चाकू त्यांनी पुन्हा पदरात बांधला आणि त्या दर्शनाच्या रांगेकडे जाऊ लागल्या. देवळात लोखंड नेऊ नका, असे मी म्हणताच त्या परत फिरल्या आणि दर्शन होईपर्यंत तो त्यांनी माझ्याकडे सांभाळावयास दिला.