दोनदा भाजलेलं बिस्किट

मागच्या हिवाळ्यात लेकीनं मोबाइलवर बघून घरी ‘बिस्कॉटी’ केली. पाव किलो मैदा, दीडशे ग्रॅम साखर, दोन-तीन अंडी, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मूठभर बदाम. तूप-लोणी अजिबात नाही. त्यात तिनं आपल्या मनानं डहाणूच्या वाळवलेल्या चिकूचे तुकडे टाकले. पिठाचा लांबट गोळा 180 अंशांवर अर्धा तास भाजला, दहा मिनिटं निवू दिला, मग सुरीनं तिरक्या कापट्या केल्या आणि त्या पुन्हा ओव्हनमध्ये ठेवल्या. या वेळी आच कमी, 150 अंश, आणि दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटं. सोबत काळी कॉफी.

अम्मीनं एक कापटी उचलली, टेबलावर टकटक वाजवून बघितली आणि म्हणाली, “हे तर आपलं टोस्टच की गं!”

लेक हिरमुसली. पण दादीचं बरोबर होतं. ‘बिस्कॉटी’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘दोनदा भाजलेलं’ असा आहे. लॅटिनमधलं ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे भाजलेलं. आपलं ‘बिस्किट’ त्याच घरातलं. आज बहुतेक बिस्किटं एकदाच भाजली जातात, तरी नाव जुनंच राहिलं. खऱ्या अर्थानं नावाला जागतात ते आपल्या चहाच्या टपरीवरचे काचेच्या बरणीतले कडक टोस्ट आणि जिरा बटर. त्यांना मात्र कुणी बिस्कॉटी म्हणत नाही.

त्या संध्याकाळपासून हा विषय डोक्यात घोळत राहिला. दोनदा का भाजायचं? आणि ही वस्तू आमच्या किनाऱ्यावर कुणाकुणाच्या हातून आली?

प्रवासाची भाकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पहिल्या भाजणीत पीठ शिजतं, दुसऱ्या भाजणीत त्यातलं पाणी जातं. पाणी गेलं की बुरशी धरत नाही. तूप नसेल तर खवटही होत नाही. अशी वस्तू महिनोन्‌महिने टिकते, म्हणून ती घरात बसणाऱ्यापेक्षा प्रवाशाच्या, शिपायाच्या आणि खलाशाच्या जास्त कामाची. इंग्रजांच्या आरमारात खलाशाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, कडक बिस्किटं मिळत. तुर्कांच्या उस्मानी फौजेत आणि आरमारात तशाच दोनदा भाजलेल्या रोटीला ‘पेक्सिमेत’ म्हणत. अरबीत ‘बुक्समात’. दोन्ही शब्द मूळ ग्रीक. म्हणजे भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर, एकमेकांशी लढणाऱ्या जहाजांवर, शिदोरी एकच होती.

आपल्या बाजूच्या समुद्राचंही तसंच. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक यानं ‘किताब अल-तबीख’ हा स्वयंपाकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘कअक’ या कोरड्या, कडक कड्यांच्या कृती आहेत आणि ‘खुश्कनानज’च्याही. दुसरा शब्द फारसी ‘खुश्क नान’वरून आलेला, सरळ अर्थ कोरडी रोटी. तोच ‘नान’ आपल्या नानखटाईत बसला आहे. ज्याला मराठीत आपण ‘नाखवा’ म्हणतो तो शब्दही फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा मालक. शब्द आणि शिदोरी, दोन्ही एकाच गलबतातून उतरले.

आणि कॉफी? तीही त्याच समुद्राची. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून ती पीत. 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्यानं तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. येमेनच्या मोखा बंदराचा सुरतेशी मोठा व्यापार होता. जहांगीरच्या दरबारी आलेल्या थॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी यानं हिंदुस्थानात लोक कॉफी पितात, अशी नोंद करून ठेवली आहे. बाबा बुढण यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा तर सगळ्यांना ठाऊक असते. इटलीतल्या प्रातो शहरात अशी बिस्किटं गोड वाइनमध्ये बुडवून खातात. आमच्या घरी ती कॉफीत बुडतात, त्यालाही असा जुना आधार आहे.

डहाणूचा किनारा

आता आमच्या गावाकडे येऊ. सोळाव्या शतकापासून 1739 पर्यंत डहाणू पोर्तुगिजांकडे होतं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण ‘पाव’ हा शब्द ठेवून गेले. इथं यीस्ट मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी ताडा-माडाच्या ताडीवर पीठ फुगवायला सुरुवात केली.

ताडीचा पुढचा धागा सुरतेत सापडतो. तिथं सतराव्या शतकापासून डचांची वखार होती. डचांनी 1825 मध्ये सुरत सोडली, तेव्हा वखारीतली भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी कारागिराच्या हाती आली, असं सुरतेत सांगतात. गिऱ्हाईक गेलं आणि पाव उरू लागला. ताडीच्या पावाला लवकर बुरशी धरत नसे. मग तो उरलेला पाव पुन्हा भट्टीत वाळवायचा आणि कडक करून विकायचा. लोकांना तो इतका आवडला, की पुढे तो मुद्दाम बनवावा लागला. त्याला नाव पडलं ‘इराणी बिस्किट’. पारशांचा बटासाही याच कुळातला.

डहाणू, घोलवड, बोर्डीकडचे इराणी त्यानंतरचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द-केरमानकडून आलेली ही झरतुश्ती कुटुंबं. ती का आली, हे मुसलमान म्हणून मी टाळू नये. 1871-72 चा इराणमधला भीषण दुष्काळ हे एक कारण होतं, पण एकमेव नाही. तिथल्या राजवटीत झरतुश्तींवर जिझिया होता, घराच्या उंचीपासून कपड्यांच्या रंगापर्यंत बंधनं होती. त्यांच्या स्पर्शानं ओलं अन्न नापाक होतं, असं मानणारे लोक होते. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 मध्ये जिझिया उठला. ज्यांच्या हातचं तिथं विटाळ मानलं गेलं, त्यातले काही इथं येऊन चहाची हॉटेलं आणि बेकऱ्या चालवू लागले, काहींनी चिकूच्या वाड्या केल्या. मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांत यझ्दकडचे शिया मुसलमानही होते. समुद्र ओलांडल्यावर दोघांचं नाव एकच झालं, ‘इराणी’.

त्या वाड्यांत राबणारे हात मात्र वारली होते. तलासरीतल्या झरी गावात 1945 मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध परिषद भरवली, तेव्हा समोर उभ्या असलेल्या जमीनदार-सावकारांत कुठल्या एकाच धर्माचे लोक नव्हते. माझ्या लेकीच्या बिस्किटातला चिकू कुणी तोडला, कुणी सोलला, कुणी कापून उन्हात घातला, हा प्रश्नही म्हणूनच या इतिहासात येतो.

कुणाच्या हातचं?

बिस्किटाचा खरा इतिहास मला याच प्रश्नात दिसतो. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. गोपाळराव जोशी यांनी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमवली होती. रानडे होते, टिळक होते. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे गोपाळरावांनीच ‘पुणे वैभव’मध्ये नावं छापवली आणि पुण्यात गहजब झाला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं. न्यायमूर्तींना एका कपाचा हिशेब दोन वर्षं पुरला! दिल्लीत 1898 मध्ये निघालेल्या बिस्किटाच्या कारखान्याचं नाव ‘हिंदू बिस्किट कंपनी’ होतं, ते काही उगाच नाही. गिऱ्हाइकाची शंका नावातच फेडावी लागत होती. इकडे वसईपासून गोव्यापर्यंत फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

मग हा विटाळ गेला कुठं? माझ्या लहानपणी शेजारच्या घरात एक आजी होत्या. फार प्रेमळ. आमच्याकडचा शिरखुर्मा मुलांना देत, पण स्वतः तोंडाला लावत नसत. अम्मीला ते माहीत होतं, तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्याच आजी रोज सकाळी चहात बुडवून टोस्ट खायच्या. ते टोस्ट आमच्याच मोहल्ल्यातल्या भट्टीचे. पीठ मळणारे, भट्टी पेटवणारे, पत्रे आत सारणारे, सगळे मुसलमान. आजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण टोस्ट कोरडा होता, दुकानातून आला होता, कागदाच्या पुडीत होता. कोरडी वस्तू हात विसरायला लावते.

त्या भट्टीवर मी ईदच्या आधी अम्मीबरोबर जात असे. घरून तूप, साखर, मैदा न्यायचा आणि नानखटाई भाजून आणायची. रांगेत शेजारच्या वहिनीही असत, दिवाळीच्या आधी त्याच. लाकडाच्या भट्टीचं गणित मी तिथंच शिकलो. पहाटे आग कडक असते तेव्हा पाव. ती उतरली की नानखटाई. आणि सगळ्यात शेवटी, विझत्या भट्टीच्या उरल्या उबेत, कापलेले टोस्ट रात्रीपर्यंत वाळायला. दुसऱ्या भाजणीला वेगळं लाकूड लागत नाही. उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर रात्रभर त्या धगीसमोर उभे असत आणि दिवसा पिठाच्या पोत्यांवर झोपत.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला. बेकरीचा माल घेताना मालकाचं नाव विचारा, म्हणून. शंभर-सव्वाशे वर्षं लागली होती तो प्रश्न मिटायला. बोटाच्या एका टिचकीत तो परत आला. आणि या वेळी तो धर्मशास्त्रातून आलेला नाही. तो दुकान बंद पाडण्यासाठी आलेला आहे.

संदेश आला तेव्हा मला चिंचणीची आठवण झाली. डहाणू तालुक्यातल्या या गावी राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा. तिसऱ्या इंद्राच्या काळात संजानच्या प्रांतावर ‘मधुमती’ नावाचा ताजिक अधिकारी होता. मधुमती म्हणजे मुहम्मद. संजान आज गुजरातेत, तलासरीपासून जवळच. या मुहम्मदानं दोन ओढ्यांवर फुकट नाव सुरू केली, एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी जमीन दिली आणि अन्नछत्र उघडलं. तिथं भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असं ताम्रपट सांगतो. अकराशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका मुसलमान अधिकाऱ्याच्या छत्रात लोक जेवले, तेही कोरडं बिस्किट नव्हे, तूप घातलेला भात. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे कुठं नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगत असतो.

लेकीनं दिवाळीला पुन्हा बिस्कॉटी केली. तीन बरण्या भरल्या. एक शेजारी न्यायची होती. अम्मी पहिल्यांदाच घुटमळली. “राहू दे गं या वेळी,” म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. लेक काही न बोलता बरणी घेऊन गेली. आजी आता नाहीत, त्यांची सून आहे. तिनं दारातच झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “केवढं कडक! हे चहात किती वेळ बुडवायचं?”

लेक म्हणाली, “कॉफीत.”

बरणी परत आली ती चकल्या भरून. संदेश अजून ग्रुपवर आहे. त्या घरातलंही कुणीतरी त्या ग्रुपमध्ये आहे, आम्हीही आहोत. मोहल्ल्यातली भट्टी अजून चालू आहे, पण मालक सांगतो की टोस्टचे पत्रे आता पूर्वीपेक्षा कमी लावतो. मी आठवड्याला दोन पुडे आणतो. अम्मीला बिस्कॉटी चावत नाही. तिला टोस्टच लागतो, आणि तोही चहात पूर्ण बुडवून.