क्रमगुणित आणि अतिविशाल पूर्णांक : ‘अंकपाश’ ते प्रोग्रॅमिंग स्पर्धा

प्रस्तावना :
१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार म्हणजे त्या संख्येचे क्रमगुणित होय. संगणकाच्या वर्गात ते फॅक्टोरिअल या नावानेच परिचित आहे. वस्तूंची मांडणी किती प्रकारे करता येईल, या प्रश्नाशी त्याचे नाते जुने आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती भेद होतात, असे विचारले आहे. उत्तर ३६,२८,८०० येते. शंभूऐवजी रावणाचे वीस हात घेतले असते, तर उत्तर १९ अंकी झाले असते. परंतु पाटीवर तेही मावले असते, केवळ श्रम वाढले असते. पुढे युरोपात स्टर्लिंगने १७३० मध्ये मोठ्या क्रमगुणितांच्या अंदाजाचे सूत्र प्रसिद्ध केले व १८०८ मध्ये क्रिस्तियां क्रांपने उद्गारचिन्हाची खूण रूढ केली.

यंत्रातील संख्येची मर्यादा :
पाटीला नसलेली अडचण यंत्राला आहे. संगणकात पूर्णांकासाठी ठरावीक बिटांची जागा असते. ३२ बिटांत, ऋणसंख्यांनाही स्थान दिल्यास, २,१४,७४,८३,६४७ ही सर्वांत मोठी संख्या मावते. १२! म्हणजे ४७,९०,०१,६०० त्यात सहज बसते; १३! म्हणजे ६,२२,७०,२०,८०० बसत नाही. येथे खरा धोका दिसतो. जावासारख्या भाषेत यंत्र थांबत नाही, तक्रारही करीत नाही. वरचे बिट गळून १,९३,२०,५३,५०४ हे उत्तर छापले जाते. १७! च्या वेळी ऋण उत्तर येते, तेव्हा निदान संशय तरी येतो. १३! चे चुकीचे उत्तर मात्र बरोबर उत्तरासारखेच दिसते. ६४ बिटांत रावणाचे वीस हात मावतात, २१! मावत नाही. दशांश संख्यांचा आधार घेतल्यास १७०! पर्यंत मजल जाते, परंतु पहिले पंधरा-सोळा अंकच विश्वसनीय राहतात.

हातच्याचे पुनरागमन :
स्पर्धांतील प्रश्न नेमका याच उणिवेवर बेतलेला होता. स्पेनमधील वायादोलिद विद्यापीठाच्या संग्रहातील ‘५००!’ या प्रश्नात १००० पर्यंतच्या संख्यांचे क्रमगुणित अचूक मागितले होते. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या कोडशेफवर १०० पर्यंतचे क्रमगुणित विचारले गेले. १००! मध्ये १५८ अंक आहेत, १०००! मध्ये २५६८. स्टर्लिंगच्या सूत्राने ही अंकसंख्या आधीच काढता येते आणि तेवढी जागा राखून ठेवता येते.

उपाय प्राथमिक शाळेतलाच आहे. संख्येचा प्रत्येक अंक स्वतंत्र खणात ठेवावा, प्रत्येकाला पुढील संख्येने गुणावे, एकक तेथेच ठेवून हातचा पुढील खणात मिळवावा. एका खणात एकाऐवजी चार अंक ठेवल्यास १०००! साठी ६४२ खण पुरतात व कामही सुमारे चौपटीने घटते. १९६० मध्ये कारात्सुबाने शोधलेली जलद गुणाकाराची रीत येथे अनेकदा सुचविली जाते, पण मोठ्या संख्येला लहान संख्येने गुणताना तिचा लाभ नाही. गुणाकाराचे दोन समान भाग पाडून मोठ्या संख्येला मोठ्याच संख्येने गुणले, तरच ती उपयोगी पडते.

प्रश्नाचे बदलते रूप :
१९९७ मध्ये जावात मोठ्या पूर्णांकांची तयार सोय आली. २००१ मधील पायथॉन २.२ पासून साधा पूर्णांक आपोआप मोठा होऊ लागला. दोन-तीन ओळींत १०००! छापता येऊ लागल्यावर या प्रश्नातून विद्यार्थ्याची कसोटी लागते की त्याने निवडलेल्या भाषेची, हे सांगणे कठीण झाले. सी भाषेत लिहिणाऱ्याला हातचा सांभाळावाच लागतो. इतरांना तो दिसतही नाही.

२००० सालच्या प्राग येथील मध्य युरोपीय स्पर्धेतील प्रश्न या दृष्टीने अधिक कसदार ठरतो. तेथे १०० कोटींपर्यंतच्या संख्येच्या क्रमगुणिताच्या शेवटी किती शून्ये येतात, एवढेच विचारले होते. १०० कोटींचे क्रमगुणित सुमारे ८५६ कोटी अंकांचे असते. ते लिहून शून्ये मोजण्याचा मार्गच बंद होतो. शेवटचे प्रत्येक शून्य २ आणि ५ यांच्या जोडीतून येते व २ नेहमीच मुबलक असतात, म्हणून केवळ ५ हे अवयव मोजावेत. दिलेल्या संख्येला ५, २५, १२५ अशा घातांनी भागून येणाऱ्या पूर्ण भागाकारांची बेरीज केली की उत्तर मिळते. १०० कोटींसाठी अशा बारा भागाकारांतून २४,९९,९९,९९८ हे उत्तर येते आणि ते ३२ बिटांत मावते.