ओवीपासून अंगणवाडीपर्यंत

माजलगावात बोलताना गाण्याचा विषय लांबून आणावा लागत नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम केलं. त्या कामात १९९६ साली इथल्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या आज अभ्यासक आवर्जून ऐकतात. आम्हाला मात्र आणखी एक प्रश्न पडतो. दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोकं टेकून पडलेलं मूल तेव्हा काय शिकत होतं?

पुष्कळ काही. जात्याचा फेरा ठरलेला, त्यावर ओवी बसवलेली. शब्द कुठे सुटतो, यमक कुठे जुळतं, हे मुलाच्या कानाला आपोआप कळायचं. मामा, आत्या, भावजय ही नाती गाण्यातच भेटायची. 'आपडी-थापडी' खेळताना हाताला ठेका आणि मनाला आपली पाळी येईपर्यंत थांबणं जमायचं. ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हेच तपासून पाहिलं. ज्या मुलांना तिसऱ्या वर्षी बडबडगीतं जास्त येत होती, ती पुढे वाचायलाही चांगली शिकली. बुद्धी आणि घरची परिस्थिती यांचा फरक हिशोबात धरूनही हा संबंध टिकला. यमक ओळखणारा कान अक्षराचा आवाजही लवकर ओळखतो, एवढंच त्यामागचं कारण.

आता आपल्या भागाचा इतिहास बघा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. उर्दू गोड भाषा आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या पोराला वरच्या वर्गात मराठीचं बोट सोडावं लागे, आणि मुलींपैकी बहुतेकींना शाळेचा उंबराच दिसत नसे. अशा काळात मुलांची मराठी जपली ती कीर्तनानं, भजनानं आणि आईच्या ओवीनं.

मात्र घरातलं हे गाणं म्हणजेच शिक्षण आहे, हे शाळेला पटवावं लागलं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं घेतली, गाणी आणि गोष्टी घेतल्या. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द गावोगाव पोचला.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे प्लेटो आठवतोच. 'लॉज' या ग्रंथाच्या सातव्या भागात तो म्हणतो की रडणाऱ्या बाळाला आई शांततेनं नव्हे, हलवून आणि गाऊन निजवते. अथेन्समधला पाळणा आणि उसाच्या फडात बांधलेली झोळी, दोन्हीकडे गोष्ट तीच.

फडाचं नाव आलं, म्हणजे खरा मुद्दा आला. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले आपल्याकडचे कोयते घर बंद करून निघतात. म्हातारं माणूस घरी नसेल तर लेकरूही टोळीबरोबर जातं. अंगणवाडी गावात, लेकरू कोपीत. बरोबर जाऊ शकेल असं शिक्षण एकच, गाणं. पण त्याचं कौतुक करून आपण सुटू नये. पहाटे फडात उतरलेल्या आईला गायला दम कुठे उरतो? ओवी जात्यावर टिकली, कारण तिथे दोन बाया समोरासमोर बसलेल्या असत. एकटी, थकलेली बाई गात नाही. म्हणून कोप्यांच्या मुक्कामावर मुलांना सांभाळणारं आणि त्यांच्याशी गाणारं एक माणूस हवं. ते त्या लेकरांचं देणं आहे.

आणि टोळी परतली की अंगणवाडीत लगेच पाटी पुढे करू नका. आधी विचारा, 'बाळा, तिकडचं एखादं गाणं येतं का रे?' त्याला येत असेल तर आपण शिकू. येत नसेल, तर कामाला कुठून लागायचं ते आपल्याला कळलं.