खलातलं हिरवं कालवण: ग्वाकामोलेची कुळकथा

मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात तेवाकानचं कोरडं खोरं आहे. तिथल्या कोश्कात्लान गुहेत १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रिचर्ड मॅकनिश यांनी उत्खनन केलं, तेव्हा मका, भोपळा यांच्याबरोबर ॲव्होकाडोचेही अवशेष मिळाले. त्यातले सर्वांत जुने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणजे लागवड सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस हे फळ रानातून गोळा करून खात होता.

ते वाटून त्याचं कालवण करायची रीत अझ्टेकांची. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतलं ‘आवाकामोल्ली’ स्पॅनिश जिभेवर ग्वाकामोले झालं. साहित्य मोजकंच होतं: गर, मिरची, टोमॅटो, मीठ. वाटायला काळ्या बेसाल्टचा, तीन पायांचा खरखरीत खल. त्याला मोल्काहेते म्हणतात आणि बत्त्याला तेहोलोते. हा दगड मिरचीचा अर्क काढतो, पण गराचं पीठ करत नाही. यंत्रात फिरवलेल्या ग्वाकामोलेला ती चव येत नाही.

१५१९ साली दोन गोष्टी घडल्या. स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिकडे स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये मार्तिन फेर्नांदेस दे एन्सिसो यांचा भूगोलग्रंथ छापला गेला. ॲव्होकाडोचं छापील वर्णन पहिल्यांदा त्यात आलं. पुढे स्पॅनिश जहाजांतून कांदा, कोथिंबीर आणि लिंबू मेक्सिकोत पोचलं. आज ज्यांच्याशिवाय ग्वाकामोले अपुरं वाटतं, ते हे तिन्ही जिन्नस अझ्टेकांना ठाऊकच नव्हते. मेक्सिकोत घरोघरी पिळलं जाणारं छोटं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्याचं मूळ आशियातलं. अरबांमार्फत ते भूमध्य समुद्राकडे गेलं आणि तिथून अटलांटिकपार. उलट मेक्सिकोची मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. या देवाणघेवाणीत आपला वाटा आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तरीही लिंबाबद्दल जाणकारांचं एकमत नाही. मेक्सिकोच्या पाककलेवर उभं आयुष्य खर्चलेल्या डायना केनेडी यांचं पहिलं पुस्तक १९७२ साली आलं. त्यांच्या ग्वाकामोलेत लिंबू नाही. मला त्यांचा संयम पटतो, पण थोडं लिंबू हवंच. गर कापला की त्यातली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने त्याला काळपट करतात. आंबटपणा ती क्रिया मंदावतो. भांड्यात बी ठेवल्याने काळेपणा थांबतो ही समजूत मात्र खरी नाही. बीखाली झाकलेला भाग तेवढा हिरवा राहतो.

आज जगभर मिळणारं काळपट, खडबडीत सालीचं ॲव्होकाडो एका पोस्टमनच्या झाडाचं. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्स इथे रुडॉल्फ हास यांनी लावलेल्या रोपावर कलम टिकेना. ते झाड तोडणार होते. पण मुलांना त्याची फळं आवडली आणि झाड वाचलं. १९३५ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. मूळ झाड २००२ साली मूळकुजीने गेलं.

फळात भुंगे असतात म्हणून अमेरिकेने १९१४ पासून मेक्सिकोच्या ॲव्होकाडोवर बंदी घातली होती. ती १९९७ साली सैल झाली आणि २००७पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत बाजार खुला झाला. मग फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी घरोघरच्या मेजवानीत ग्वाकामोले ठरलेलंच झालं. या मागणीपायी मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात पाइनची जंगलं तोडून बागा लावल्या गेल्या, हेही खाणाऱ्याला माहीत असावं.

आता करण्याची रीत. ॲव्होकाडो झाडावर मऊ होत नाही, तोडल्यावरच पिकतं. कच्ची फळं केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवा. देठाजवळ दाबल्यावर किंचित मऊ लागली की तयार. चारपाच जणांसाठी तीन फळं पुरतात. आधी हिरवी मिरची, थोडा कांदा, कोथिंबीर आणि मीठ खलात बारीक वाटा. मग गर घालून जाडसरच ठेचा. बिया काढलेला टोमॅटो चिरून शेवटी मिसळा आणि वरून लिंबू पिळा. साय, चक्का, मेयॉनेज यांची गरजच नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, त्यातला बहुतेक ऑलिव्ह तेलातल्यासारखा ओलेइक आम्लाचा. शिवाय जवळपास ७ ग्रॅम तंतू. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं, त्यामुळे या जोडीत ते शरीरात अधिक शोषलं जातं. उष्मांक मात्र १०० ग्रॅम गराला १६०च्या आसपास, म्हणून मोठ्या वाडग्याची गरज नाही. तळलेल्या चिप्सऐवजी काकडी, गाजर, मुळा किंवा गरम मक्याची तोर्तिया घ्या.

मेक्सिकोत अनेक ठिकाणी ग्वाकामोले वाटलेल्या खलातूनच समोर येतं. तुम्हीही पाहुणे आल्यावर त्यांच्यासमोर वाटा, खल तसाच मधोमध ठेवा आणि त्या बैठकीत संपेल एवढंच करा.